भिशीच्या पैशात चिखलदरा

राजापेठेतल्या कोणत्याही गल्लीत दुपारची भिशी भरली, की चहा-चिवड्यासोबत एक विषय हमखास निघतो : यंदा जमलेल्या पैशांचं काय करायचं? कुणी म्हणते, सगळ्यांनी एकसारख्या साड्या घेऊ. कुणी म्हणते, स्टीलचे डबे. मागच्या वर्षीच्या साड्या कपाटात, त्याच्या मागच्या वर्षीचे डबे माळ्यावर. तरी पुन्हा साडी नाहीतर डबा! अशा वेळी एखादीनं हळूच विचारून पाहावं, ‘कावं, चिखलदऱ्याले जाऊन यायचं का?’ क्षणभर सगळ्या गप्प होतात आणि मग उत्तरं येतात. ‘लग्न झालं तवा गेलो होतो एकदा.’ ‘शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, आठवत नाही आता.’ ‘पाहुणे आले तवा सगळे गेले, मी घरी सयपाकाले थांबली होती.’

मैत्रिणींनो, ही शेवटची ओळ जरा थांबून वाचा. अमरावतीपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, एसटीनं अडीच-तीन तासांच्या वाटेवर, अख्ख्या वऱ्हाडाच्या उशाला एक थंड हवेचं गाव आहे. पुण्या-मुंबईच्या बायका महाबळेश्वरच्या गोष्टी सांगतात तेव्हा आपण माना डोलावतो. आपल्या घरचं महाबळेश्वर मात्र आपण ‘पोरांच्या परीक्षा झाल्या की’, ‘दिवाळी झाली की’, ‘सासूबाईंचं दुखणं निवळलं की’ असं पुढं ढकलत राहतो. म्हणून आज या सदरात बाकी काही नाही, फक्त चिखलदरा. कसं जायचं, काय पाहायचं, काय खायचं आणि काय सांभाळायचं, सगळं सांगते. आणि तिथं जाणं आपल्यासाठी नुसती मौज का नाही, तेही.

नाव कीचकाचं, गोष्ट सैरंध्रीची

आधी गावाच्या नावाची गोष्ट. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे राहिले, द्रौपदी सैरंध्री नावानं सुदेष्णा राणीची दासी झाली, हे आपल्याला कीर्तनातून आणि टीव्हीवरून पाठ आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागला. तिनं भर दरबारात दाद मागितली, राजा गप्प बसला. शेवटी ती रात्री स्वयंपाकघरात बल्लवाच्या, म्हणजे भीमाच्या, पुढं जाऊन उभी राहिली. भीमानं कीचकाला मारलं आणि दरीत फेकलं. ती ही कीचकदरा, तिचंच पुढं चिखलदरा झालं, असं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हात धुतले ते भीमकुंड. विराटाची राजधानी म्हणून दाखवतात ते वैराट.

ही आख्यायिका आहे, इतिहास नाही. पण परक्या घरी कामाला राहिलेल्या बाईनं तक्रार केली आणि मोठमोठी माणसं खाली पाहत बसली, ही गोष्ट आपल्याला जुनी वाटते का? दरीला नाव मिळालं ते छळणाऱ्याचं. आपण तिथं गेलो की नाव सैरंध्रीचं घ्यावं, एवढं तरी आपल्या हाती आहे.

लिहिलेला इतिहास सांगतो, की १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत हे ठिकाण भरलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंची, उन्हाळ्यातही रात्री अंगावर पांघरूण लागावं अशी हवा. वऱ्हाडच्या उन्हानं भाजून निघालेल्या साहेबांनी इथं बंगले बांधले आणि कॉफीची झाडं लावली. ती कॉफी आजही इथं पिकते. कापूस, संत्रा आणि तुरीच्या वऱ्हाडात कॉफीचे मळे आहेत, हे आपल्याच कित्येक बायकांना माहीत नसतं!

वाटेवरच अर्धी सहल

राजापेठेतून निघायचं तर अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून थेट चिखलदऱ्याची गाडी पकडा, किंवा परतवाड्याला जाऊन तिथून गाडी बदला. परतवाड्याच्या गाड्या दिवसभर असतात, थेट गाड्यांच्या वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून घ्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धंच तिकीट लागतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. तेव्हा ‘एवढा खर्च कशाला’ हे कारण आता फारसं टिकत नाही.

शहर सोडलं की वलगाव लागतं, पेढी नदी लागते. याच नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी प्रवासातच देह ठेवला. खराटा हाती घेऊन गावं झाडणारा हा आपल्याच जिल्ह्यातला माणूस, जन्म शेंडगावचा. जाताना पुलावरून हात जोडा आणि परत येताना आपण डोंगरावर काय टाकून आलो, याचा हिशेब याच पुलावर करा.

पुढं परतवाडा-अचलपूर. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठी वसलेलं अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, एके काळची वऱ्हाडची राजधानी. परतवाडा ही इंग्रजांच्या फौजेची छावणी, पुढं सागवानाची मोठी बाजारपेठ झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराचा नाहीतर मृगाचा हंगाम असला, तर येताना पिशवी भरून संत्री घ्या.

परतवाड्याहून उत्तरेला थोडी वाट वाकडी केली, तर मुक्तागिरी आहे. जागा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, पण वाट आपल्याकडूनच. डोंगराच्या कुशीत ५२ जैन मंदिरं आणि त्यांच्या मधोमध पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. चिखलदरा आणि मुक्तागिरी एका दिवसात उरकण्याची घाई मात्र करू नका. ‘सगळं पाहिलं’ म्हणायला होतं, पण पाहणं काही होत नाही.

परतवाडा सोडलं की घाट सुरू. एक रस्ता धामणगाव गढी, मोथा करत जातो, दुसरा घटांगवरून. सागाची मोठी पानं, मध्ये बांबूची बेटं, मोहाची झाडं. पावसाळ्यात या घाटात धुकं असं उतरतं, की गाडीच्या पुढचं दिसत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघताना पोटभर खाऊ नये. आवळासुपारी नाहीतर लिंबू जवळ ठेवावं आणि पुढची जागा मागून घ्यावी. मागायला लाजू नये.

काय काय पाहाल?

गाव छोटंसं आहे. नगरपालिका आहे खरी, पण वस्ती पाच हजारांच्या आसपास. पाहायच्या जागा मात्र विखुरलेल्या, म्हणून चार-पाच जणींनी मिळून जीप करावी आणि कोणकोणती ठिकाणं दाखवणार, किती पैसे घेणार, हे आधी स्पष्ट ठरवून घ्यावं. ‘पाहू ना ताई, तुम्ही बसा तं खरं’ असं म्हणणाऱ्याला हसून सांगावं, ‘भाऊ, आधी ठरवू, मग बसू.’

भीमकुंड पावसाळ्यात पाहावं. काळ्या कड्यावरून पाण्याची धार खोल दरीत उडी घेते आणि वाऱ्यानं तिचे तुषार उलटे वर येतात. उन्हाळ्यात तिथं ओला दगड तेवढा दिसतो, म्हणून मे महिन्यात जाऊन ‘काहीच नाही तिथं’ म्हणू नये.

पंचबोल पॉइंटवर पोरंटोरं जास्त रमतात. समोरच्या डोंगररांगा अशा उभ्या, की आपण हाक मारली तर ती पुन्हा पुन्हा परत येते. आपल्याला घरात मोठ्यानं बोलायची सवय नसते, इथं बोला. स्वतःचंच नाव घेऊन हाक मारा. माहेरचं घ्या, सासरचं घ्या, डोंगर दोन्ही परत देतो.

देवी पॉइंटवर खडकाच्या पोटात देवीचं ठाणं आहे, वरून पाणी ठिबकत असतं. आपल्याकडच्या बायका ओटी भरायला जातात तेच हे ठिकाण. मोझरी, हरिकेन, प्रॉस्पेक्ट अशा जागांवरून दऱ्या दिसतात. शक्कर तलाव आणि बगिचा लहान मुलांसाठी बरा. वैराटहून सूर्यास्त दिसतो. ती या भागातली सगळ्यात उंच जागा. तिथलं गाव वाघासाठी डोंगराखाली हलवलं गेलं, हेही पाहताना लक्षात असू द्या.

आणि गाविलगड. हा पाहायचा तर दोन-तीन तास हातात हवेत, पायात चपला नाही, बूट हवेत. गवळी राजांनी बांधला असं म्हणतात, म्हणून गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहानं १४२५च्या सुमाराला तो पक्का बांधला, पुढं इमादशाहीत वाढवला. त्याच्या शार्दूल दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, तो शोधून पाहा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली इथं आला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. नागपूरकर भोसल्यांचा सरदार बेनीसिंह लढता लढता मेला. हाच वेलस्ली पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. किल्ला पडताना आतल्या रजपूत बायकांनी जोहार केल्याचं इंग्रजांनी लिहून ठेवलंय. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. तटावर उभं राहिलं की खाली अचलपूरचा सगळा सपाट मुलूख दिसतो, तेव्हा त्या बायकांची आठवण एक क्षण काढावी.

रात्र मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी सेमाडोह आणि कोलकासला जा. सिपना नदीच्या काठचं जंगल आहे, वनखात्याची राहायची सोय आहे. मात्र नोंदणी आधी करावी लागते आणि पावसाळ्यात आतल्या जंगलाची सफारी बंद असते. १९७३-७४ मध्ये वाघ वाचवायची योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघ दिसेलच असं नाही, बहुतेक दिसत नाही. रानगवा, सांबर, भेकर, मोर दिसतात, नशीब असलं तर अस्वल. आणि एक छोटासा पक्षी आहे, रानपिंगळा. घुबडाच्या जातीतला. शंभर वर्षांहून जास्त काळ तो कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. संपला असंच धरलं होतं. १९९७ साली नंदुरबारकडं शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि नंतर आपल्या मेळघाटातही. घुबड म्हणून त्याला अशुभ समजून दगड मारणारे अजून आहेत. आपल्या पोरांना एवढं तरी सांगता येईल, की बाळा, हा पक्षी जगात फक्त भारतात आहे आणि आपल्या जिल्ह्यात आहे.

आपल्या माठातलं पाणी येतं कुठून?

आता मी म्हटलं होतं ना, हा डोंगर नुसत्या मौजेचा नाही, ते सांगते. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या बाजूला ज्यांचं माहेर आहे, त्यांना खारपाणपट्टा म्हणजे काय हे सांगायला नको. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पोट बिघडतं ते वेगळंच. या पट्ट्यातल्या बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी गोड पाण्यासाठी कोसच्या कोस पायपीट केली. मुलगी द्यायची तर आधी गावच्या पाण्याची चौकशी व्हायची.

आज त्यातल्या पुष्कळ गावांत नळाला गोड पाणी येतं, ते शहानूर आणि वान या धरणांतून. आणि शहानूर, वान या नद्या निघतात कुठून? याच मेळघाटच्या डोंगरांतून. चिखलदऱ्यावर पडलेला पाऊस दक्षिणेकडं वाहिला तर पूर्णेला मिळतो, उत्तरेकडं वाहिला तर सिपना, खंडू, खापरा अशा नद्यांतून तापीला. आणि शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा जाऊन तापीलाच मिळते. म्हणजे डोंगरमाथ्यावर फारकत झालेल्या दोन थेंबांची भेट तिथं होते, दोन गावी दिलेल्या बहिणींसारखी.

जंगल आहे तोवर हे पाणी आहे. झाडांखालचा पालापाचोळा पाऊस धरून ठेवतो आणि दिवाळीनंतरही झरे सोडत राहतो. जंगल गेलं की पाणी आलं तसं वाहून जाईल, सोबत माती घेऊन, आणि धरण गाळानं भरेल. तेव्हा तिथला सागाचा पाला आणि आपल्या स्वयंपाकघरातला माठ यांचं नातं आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभ्या राहाल तेव्हा नुसता फोटो काढू नका, पाणी कुठल्या बाजूनं उतरतं तेही पाहा.

डोंगरावरच्या बाया

हा डोंगर कोरकूंचा. त्यांची भाषा मराठी नाही, हिंदी नाही. ती मुंडा भाषांच्या कुळातली, म्हणजे तिचं नातं थेट झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी. होळी हा त्यांचा मोठा सण. कामासाठी दूर दूर गेलेली माणसं होळीला घरी परततात, मेघनाथाची पूजा होते, फगवा मागितला जातो.

नव्वदच्या दशकात मेळघाटाचं नाव देशभर झालं ते सौंदर्यासाठी नाही, कुपोषणानं दगावणाऱ्या बाळांसाठी. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. पावसाळ्यात आपण जे धुकं पाहायला जातो, त्याच धुक्यात आतल्या पाड्यावरच्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेणं कठीण होतं. नागपूरहून लग्न करून धारणी तालुक्यातल्या बैरागडला आलेल्या डॉ. स्मिता कोल्हे आणि त्यांचे पती डॉ. रवींद्र कोल्हे यांनी तिथं आयुष्य घातलं. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथं आदिवासी बायका बांबूच्या राख्या आणि वस्तू करतात. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले. पुढच्या राखीपौर्णिमेला प्लॅस्टिकच्या चमकीऐवजी बांबूची राखी बांधली, तर भावाचं मनगटही शोभेल आणि एका कोरकू बहिणीच्या घरी चार पैसेही जातील.

चिखलदऱ्याच्या रस्त्यावर या बाया भेटतात. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, नंतर सीताफळं, आवळे, बोरं. बाजारात आपण पालकाच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेतो, ती सवय आहे. पण डोक्यावर टोपली घेऊन डोंगर चढून आलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये, असं मला वाटतं. त्याच दिवशी हॉटेलात आपण न बोलता बिल देतो ना? आणि फोटो काढायचा तर आधी विचारावं. ‘काढू का बाई?’ एवढं पुरतं. आपल्या दारात कुणी अनोळखी येऊन न विचारता आपला फोटो काढला, तर आपल्याला चालेल का?

खायचं काय, आणायचं काय?

गवळ्यांच्या म्हशींचं दूध इथं मुबलक, म्हणून खवा आणि रबडी छान मिळते. मोथ्याच्या बाजूला आता स्ट्रॉबेरीही होते. हिवाळ्यात गेलात तर शेतावरूनच घ्या. कॉफी घ्या, मध घ्या. आमझरी गावात मधाचं काम चांगलं चालतं आणि गावकऱ्यांनीच सांभाळलेलं निसर्ग पर्यटनाचं ठिकाणही आहे. पैसा थेट गावात जातो, म्हणून जेवणखाण जमेल तितकं अशाच ठिकाणी करावं.

घरून न्यायचं तर पोळ्या, कोरडं पिठलं, ठेचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. ज्यांना हौस आहे त्यांनी रोडगे आणि वांग्याची भाजी करून न्यावी, बहिरमच्या यात्रेची आठवण होईल. पण सहलीच्या आदल्या रात्री बारापर्यंत आणि सकाळी चारपासून चुलीपुढं उभं राहायचं असेल, तर ती सहल कसली? प्रत्येकीनं एकच पदार्थ करायचा आणि घरच्यांसाठी काही करून ठेवायचं नाही, असा नियमच करा. एक दिवस घरातली माणसं खिचडी टाकून खातील. मीठ कमी पडलं तरी कुणी उपाशी मरत नाही.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टची गर्दी टाळा. त्या दिवसांत घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि दारू पिऊन धिंगाणा घालणारी टोळकीही असतात. मंगळवार-बुधवार निवांत. सात-आठ जणी मिळून जा, म्हणजे जीपही परवडते आणि धीरही असतो.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अमरावती आणि परतवाड्याच्या बसस्थानकावर आवरून घ्यावं, वर गेल्यावर जेवण घ्यायच्या ठिकाणी सोय आहे का हे आधी विचारून मगच तिथं बसावं. त्यासाठी दिवसभर पाणी न पिणं हा उपाय नाही, त्यानं दुखणं तेवढं वाढतं. पाळीचे दिवस असले तरी यायला हरकत नाही. पॅड आणि एक कागदी पिशवी जवळ ठेवावी, वापरलेलं सोबत परत आणावं.

कड्याच्या कठड्यापलीकडं जाऊ नका, ओल्या दगडावर उभं राहून फोटो काढू नका. वानरांना खायला देऊ नका. आज हातातून घेतात, उद्या पोरांच्या हातून हिसकावतात. स्वेटर, छत्री, नेहमीच्या गोळ्या आणि पायात घट्ट बसणारं काहीतरी घ्या. मोबाइलची रेंज सगळीकडं नसते, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी धुकं उतरायच्या आत घाट उतरा.

आणि कचरा. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी... सगळं एका पिशवीत भरून खाली आणायचं. आपण दारापुढचं अंगण रोज झाडतो. डोंगर हेही आपलंच अंगण आहे, जरा लांबचं.

‘पण घरी काय सांगू?’

सगळं ऐकून झाल्यावर शेवटी हाच प्रश्न उरतो, हे मला माहीत आहे. देवदर्शनाला जाते म्हटलं की लगेच हो मिळतो. माहेरी जाते म्हटलं तरी मिळतो. ‘डोंगर पाहायला जाते’ म्हटलं की भुवया वर जातात. बाईनं देवासाठी जावं, पोरांसाठी जावं, नातेवाइकांच्या लग्ना-मरणाला जावं. नुसतं आपल्या डोळ्यांसाठी जाणं अजून कुणाच्या पचनी पडत नाही, कधी कधी आपल्यासुद्धा.

आपल्या गावच्या अंबादेवीच्या देवळातून रुक्मिणी कृष्णाच्या रथात बसून गेली, असं आपण अभिमानानं सांगतो. तिनं स्वतः निरोप पाठवला होता, स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. आपल्याला रथ नको, अर्ध्या तिकिटाची एसटी पुरे. आणि आपण तर संध्याकाळी परत येणार आहोत!

तेव्हा येत्या भिशीत विषय काढाच. पहिल्या वेळी तिघीच तयार झाल्या तरी चालेल, तिघींनी जाऊन यावं. बाकीच्या पुढच्या वेळी आपोआप विचारतील, ‘कवा जायचं वं?’ सोबत एखादी अशी शेजारीण घ्या जी स्वतःहून कधी म्हणणार नाही : जिचा नवरा गेलाय, जिच्या घरी कायम आजारपण आहे, किंवा जी धुण्याभांड्याला आपल्याकडं येते. तिचं तिकीट भिशीतून काढा. साडी कपाटात जाते, डबा माळ्यावर जातो. हिरव्या दरीकाठी बसून, कुणालाही वाढायचं नसताना प्यालेला एक कप कॉफी मात्र आयुष्यभर आठवतो.